फॉरमॅट मारायच्या आधी तेवढं विचारत जावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कॉम्प्युटर नवीन करून घ्यायचा, आणि त्यात सगळ्यात जास्त हाल होतायत ते टीव्हीला जोडून ठेवलेल्या जुन्या सीपीयूंचे. हे सीपीयू ऑफिसच्या कामाचे नसतात, त्यांच्यात कोडी (Kodi) नायतर तसलंच एखादं मीडिया सेंटर, म्हणजे डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकलेलं असतंय, सोफ्यावर बसून रिमोटवर चालतंय, आणि आत असतंय काय तर घरातली लग्नं, बारशी, पोरांची गॅदरिंगं, शाहू स्टेडियमवरच्या मॅचा, कुणाच्या वडलांनी गायलेली भजनं. दुकानात मशीन गेलं की फॉरमॅट मारून संध्याकाळी हातात, एकदम चकाचक, आणि घरी आणून टीव्ही लावला की आत सगळा शुकशुकाट, काहीच नाही. पेपरात यावर कुणी लिहिलेलं बघितलं नाही म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय, कापायचंच असेल तर माझी मतं कापा, कामाची माहिती कापू नका.

आमच्या गल्लीतल्या एका काकींचं परवाच असं झालं. काकांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम आणि थोरल्या लेकीचं लग्न, दोन्हीच्या व्हीएचएस कॅसेटी होत्या, त्या २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या घरात भिजून गेल्या, नशीब म्हणून त्याच्या आधी भाच्यानं त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या. म्हणजे त्यानंतर तीच एक प्रत. दुकानात काकींनी "टीव्हीवर चित्र अडकतंय" एवढंच सांगितलं. मशीन परत आलं तेव्हा चित्र अडकत नव्हतं, कारण अडकायला चित्रच राहिलं नव्हतं. विचारायला गेल्या तर काउंटरवरचा पोरगा म्हणतोय, "काकी, डेटा ठेवायचाय म्हणून तुम्ही बोलला न्हाईसा." आता त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर असेलही, पण साठी उलटलेल्या बाईनं स्वतःहून ते बोलायचं का रोज दहा मशीन हातावेगळी करणाऱ्यानं एक प्रश्न विचारायचा? माझं मत सरळ आहे, विचारायचं काम दुकानदाराचं.

मी या धंद्यातला नाही, नोकरी एमआयडीसीत, पण कुणाचं कोडी बंद पडलं की मला बोलावणं येतं, म्हणून थोडंफार माहीत झालंय. आणि यात मूळ गोष्ट एवढीच आहे की सिस्टीम वेगळी आणि फाइली वेगळ्या. सिस्टीम बिघडली म्हणून फाइली जायलाच पाहिजेत असं काही नाही, त्या जातात त्या घाईनं. आणखी एक, कोडीत पोस्टर लावून छान यादी दिसते ना, ती लायब्ररी, ती नुसती यादी असते, व्हिडिओ त्याच्यात नसतात. करवीर नगर वाचन मंदिरातलं रजिस्टर उद्या हरवलं तर कपाटातली पुस्तकं कुठं जात नाहीत, तसंच हे. त्यामुळं नवीन सिस्टीम टाकल्यावर यादी मोकळी दिसली म्हणून लगेच डोक्याला हात लावू नका, आधी फाइल मॅनेजरमधनं डिस्क उघडून बघा, निम्म्या लोकांचं सगळं जागेवर असतंय फक्त कोडीला नवीन करून पत्ता सांगितलेला नसतो. उलटंही तेवढंच खरं, यादी दिसतेय म्हणजे फाइली आहेत असं नाही, पोस्टर दिसतं आणि दाबलं की फाइल सापडत नाही म्हणतंय.

आता विंडोजवाल्यांसाठी. आपल्याकडं एक समज लय घट्ट बसलाय की सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी डी ड्राइव्ह राहतो म्हणून डेटा सेफ. डी राहतो हे बरोबर, पण तुमच्या फाइली डी मध्ये आहेत हे कुणी सांगितलं? डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी मध्ये असतं, डॉक्युमेंट्स सी मध्ये, व्हिडिओज नावाचा फोल्डर सी मध्ये, डाउनलोड्स सी मध्ये. आणि कोडीची स्वतःची सेटिंगं, यादी, कुठला भाग बघून झाला त्याची नोंद, हे सगळं युजरच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरात रोमिंगच्या आत कोडी म्हणून असतं, तो फोल्डर लपवलेला असतो, नुसतं बघून दिसत नाही, त्यामुळं कॉपी करताना हमखास राहतो. व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करायचं मग दिसतो. तो सगळा फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवला आणि नवीन कोडी टाकल्यावर, कोडी बंद असताना, त्याच जागी परत टाकला की बहुतेक सगळं पहिल्यासारखं येतं. मात्र कोडी पहिल्याएवढंच किंवा त्याच्यापेक्षा नवीन पाहिजे, जुन्या कोडीला नव्याची यादी वाचता येत नाही.

कॉपी करायला वेळ लागतो, आणि दुकानं हे टाळतात त्याचं खरं कारण तेच. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला डिस्क लावली तर एक टीबी कॉपी व्हायला आठ-नऊ तास सहज जातात, निळ्या रंगाच्या यूएसबी ३ च्या पोर्टला लावली तर साधी फिरती हार्डडिस्कसुद्धा तीन तासाच्या आसपास उरकते. दुकानदार तेवढा वेळ एक मशीन टेबलावर अडकवून ठेवत नाही, त्याचा धंदा आहे, मला पटतंय. पण मग कॉपी करून देतो म्हणून वेगळे पैसे सांगा की, लोक देतील. फुकटात अर्धवट करण्यापेक्षा पैसे घेऊन पूर्ण केलेलं बरं. घरी स्वतः करत असाल तर रात्री लावून झोपायचं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन मशीन आपोआप झोपी जाणार नाही एवढं बघायचं, नायतर सकाळी उठून बघावं तर कॉपी मधेच थांबलेली.

एक बारीक गोष्ट पेन ड्राइव्हची. बऱ्याच पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइली ठेवायच्या जुन्या पद्धतीत असतात आणि फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, पेन ड्राइव्ह चौसष्ट जीबीची असली तरी. मिनी डीव्ही कॅमेऱ्यावरचं शूटिंग जसंच्या तसं उतरवलं तर तासाला साधारण तेरा जीबी होतं, म्हणजे लग्नाची फाइल ही चार जीबीच्या वरच असणार, आणि मग कॉपी होत नाही म्हटलं की कोणतरी शहाणा ती कॉम्प्रेस करून बारकी करतो आणि चेहरे पुसट होऊन बसतात. तसलं काही करू नका, पेन ड्राइव्ह मोकळी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विषय संपला. आणि कॉपी झाली म्हणजे झाली असं नाही, ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची, चार फाइली उघडायच्या, मधे कुठंतरी पुढं ढकलून बघायच्या, शेवटपर्यंत चालतात का. माझ्या बघण्यात ही पायरी कुणीच करत नाही.

यानंतर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा उपाय, तो म्हणजे केबल काढणे. सिस्टीम टाकायच्या वेळी फाइलींची डिस्क मशीनला जोडलेलीच नसेल तर ती पुसायची कशी? बाहेरची असेल तर यूएसबी उपसा, आतली दुसरी हार्डडिस्क असेल तर सीपीयू बंद करून, प्लग काढून, साटाची केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, ओढून ठेवा. सिस्टीम चालू झाली, टीव्हीवर दिसायला लागली, मग परत बंद करून केबल लावा. यात डोकं लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर लागतो.

एकच डिस्क असेल आणि तिचेच सी, डी असे भाग पाडलेले असतील तर मात्र लक्ष द्यायला लागतं. विंडोज टाकताना जिथं भाग निवडायचा स्क्रीन येतो तिथं सी, डी अशी अक्षरं दाखवत नाहीत, डिस्क नंबर आणि पार्टिशन नंबर असं येतं, आणि तिथंच लोकांची गल्लत होते. त्यामुळं आधीच साइज कागदावर लिहून घ्या, सी किती जीबीचा, डी किती जीबीचा, त्यात भरलेलं किती मोकळं किती. डी ला काहीतरी ओळखीचं नाव देऊन ठेवलं तर आणखी बरं. फॉरमॅट फक्त सिस्टीमच्या भागाला, बाकीच्याला हात नाही, आणि "सगळे पार्टिशन डिलीट करून टाकू, फ्रेश होईल" असं कोण म्हणालं तर त्याच्या हातातला माउस काढून घ्या. झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी चं अक्षर परत डी च आहे ना ते बघायचं, ते बदलून ई झालं असेल तर कोडीला जुन्या पत्त्यावर काही सापडत नाही आणि लोकांना वाटतं सगळं गेलं.

नवीन मशीनवाल्यांसाठी आणखी एक. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं तर ज्या मशीनला जमतं तिथं डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलींना घातलेलं कुलूप, आपोआप चालू होतं. वाईट नाही ते, चोरीला गेलं तर उपयोगी, पण पुढं कधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा लांब आकडा) मागतंय, आणि ती असते त्या अकाउंटमध्ये. दुकानदारानं स्वतःच्या नायतर कसल्यातरी टेंपररी अकाउंटनं चालू करून दिलं असेल तर ती की तुमच्याकडं कुठनं येणार? लॉगिन स्वतःच्या अकाउंटनं करा, की कागदावर उतरवून रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवा.

आता ज्यांचं मशीन विंडोज ११ घेतच नाही, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा, असल्यांना पोरं हल्ली विंडोजच्या जागी लिब्रइलेक नावाची लिनक्सवरची बारकी सिस्टीम टाकून देतात, आणि नुसतं टीव्हीला लावायचं असेल तर ते खरंच झकास आहे, फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, चालू केलं की थेट कोडीच येतं. कोडी म्हणजे तेच ज्याला २०१४ पर्यंत एक्सबीएमसी म्हणायचे. (जाता जाता, बाजारात "कोडी बॉक्स, सगळे सिनेमे फुकट" म्हणून जे विकतात त्याचा कोडीवाल्यांशी संबंध नाही, कोडीत स्वतःचं काहीच येत नाही, तुम्ही आणाल ते दाखवतं.) पण लिब्रइलेक टाकताना जी डिस्क निवडाल ती अख्खी पुसली जाते, सी डी भाग वगैरे काही बघत नाही. विंडोजच्या सवयीनं "डी राहील" म्हणून पुढं गेलात तर राहत नाही. म्हणून तिथं केबल काढायचा नियम डोळे झाकून पाळायचा, आणि जमलं तर सिस्टीमसाठी वेगळी बारकी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) घ्यायची.

एकदा लिब्रइलेक बसलं की मग पुढं नवीन आवृत्तीसाठी परत सगळं टाकायची गरजच नसते. त्यात दोन भाग असतात, एक बारका सिस्टीमचा आणि दुसरा स्टोरेजचा. अपडेटची फाइल अपडेट नावाच्या फोल्डरात टाकायची, तो फोल्डर घरच्या नेटवर्कवर दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं दिसतो, आणि रिस्टार्ट करायचं. सिस्टीमचा भाग बदलतो, स्टोरेजला धक्का लागत नाही. तरीपण आधी त्याच्याच सेटिंगमधनं बॅकअप काढायचा, आणि तो काढून तिथंच ठेवायचा नाही, दुसरीकडं न्यायचा. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवणारे लोक मी बघितलेत, आणि ते चांगले शिकलेले असतात.

सगळ्यात जास्त डेटा माझ्या मते एका साध्या प्रश्नानं उडतो. लिब्रइलेकची किंवा कुठल्याही लिनक्सची डिस्क काढून विंडोजच्या मशीनला लावली की विंडोजला ती वाचता येत नाही, कारण फाइली ठेवायची पद्धत वेगळी, ईएक्सटी४ म्हणतात ती. पण विंडोज "मला वाचता येत नाही" असं म्हणत नाही, ते म्हणतं ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा, करू का? आणि समोरचा फॉरमॅट दाबतो. डिस्क चांगली, फाइली चांगल्या, फक्त चुकीच्या मशीनला लावली आणि विचारल्यावर हो म्हटलं. अशा वेळी कॅन्सल दाबायचं, पेन ड्राइव्हवर उबुंटू (फुकटची लिनक्स सिस्टीम) घ्यायचं, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय करून त्यातनं डिस्क उघडायची, सगळं दिसतं, तिथनंच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं. दुकानांतल्या पोरांना एवढी एकच गोष्ट शिकवली तरी कोल्हापुरातली कितीतरी लग्नं वाचतील.

आणि चुकून उडालंच तर? मशीन तिथल्या तिथं बंद करायचं, त्या डिस्कवर काहीही टाकायचं नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर नाही. साध्या फिरत्या हार्डडिस्कवर क्विक फॉरमॅटनं फाइली लगेच पुसल्या जात नाहीत, त्यांचा पत्ता पुसला जातो, वर नवीन काही लिहिलं नसेल तर टेस्टडिस्क, फोटोरेक ही फुकटची साधनं बरंच काही काढून देतात. फोटोरेकनं नावं जातात एवढं लक्षात ठेवा, एफ आणि पुढं लांबलचक आकडा अशा नावाच्या ढीगभर फाइली हातात येतात, मग एकेक उघडून बघत बसायचं. एसएसडी असेल तर आशा फार कमी, ती ट्रिम नावाच्या सोयीमुळं मोकळी केलेली जागा खरोखर साफ करून टाकते.

हे सगळं एवढं ताणून लिहिण्याचं कारण आपल्या गावाशी आहे. सिनेमा इथला, प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, बाबूराव पेंटरांनी इथं मूकपट काढले आणि त्यातले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, त्या जुन्या रंगमंचावर ज्या पोरांनी गॅदरिंग केलं, ज्या हौशी मंडळींनी नाटकं केली, त्यांचं शूटिंग कुणाच्या ना कुणाच्या घरात टीव्हीखालच्या सीपीयूत पडून आहे, नाट्यगृह परत उभं राहील पण ते जुनं स्टेज त्या व्हिडिओतच उरलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाची इशारा पातळी ओलांडून ४३ कडं निघालं की आपण टीव्ही, फ्रिज, गादी माळ्यावर चढवतो, हार्डडिस्क कुणी काढून खिशात घातलेली मी बघितली नाही, आणि वजन तिचं किलोभरसुद्धा नसतंय.

तेव्हा दोन मागण्या. एक दुकानदारांकडं: मशीन जमा करून घेताना पावतीवर दोन ओळी छापून घ्या, "आत घरचे फोटो-व्हिडिओ आहेत का" आणि "ठेवायचे का पुसायचे", पुढं गिऱ्हाइकाची सही. यात तुमचंच संरक्षण आहे, उद्या भांडण झालं तर कागद दाखवता येतो. दुसरी तालीम मंडळांकडं: रक्तदानाची शिबिरं तुम्ही करताच, तसंच वर्षातनं एकदा पावसाळ्याच्या आधी, मेमध्ये, एक रविवार कॉपी करायचा ठेवा. मंडळात दोन-तीन कॉम्प्युटर, इंजिनिअरिंगची पोरं प्रत्येक पेठेत आहेत, लोकांनी आपली डिस्क आणि एक मोकळी डिस्क घेऊन यायचं, त्यांच्या समोर बसून कॉपी करायची आणि तिथंच चालवून दाखवायची, मंडळानं कुणाच्या फाइली स्वतःकडं ठेवायच्या नाहीत. दुसरी डिस्क मग पाहुण्यांकडं, दुसऱ्या गावाला नायतर निदान उंचावरच्या पेठेत ठेवायची. आमच्या तालमीत मी विषय काढलाय, पोरं तयार आहेत, अडलंय ते मोकळ्या डिस्कांच्या किमतीवर, कारण दोन टीबीची डिस्क घ्या म्हटलं की लोक गप्प होतात.

पावतीवरच्या त्या दोन ओळींचा नमुना मी टाइप करून ठेवलाय, तुम्ही छापणार असाल तर लगेच पाठवतो.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर